विश्लेषण : न दिसणारे चुंबकीय क्षेत्र प्रोटॉन कसे टिपतात?

अणुऊर्जेची चर्चा रत्नागिरी जिल्ह्यात कधीच नुसती विज्ञानाची राहत नाही. राजापूर तालुक्यातील माडबन-जैतापूरचा प्रकल्प, त्यासाठी झालेले भूसंपादन, साखरी नाटेच्या मच्छीमारांचा विरोध, २०११चे आंदोलन आणि त्यातील गोळीबार हे सगळे त्या एका शब्दामागे उभे असते. त्यात डिसेंबर २०२२पासून जगभरातून अणुसंमीलनाच्या, म्हणजे फ्युजनच्या, यशाच्या बातम्या येऊ लागल्या. स्वच्छ, जवळपास अमर्याद ऊर्जा आता हाताशी आली आहे, असा त्या बातम्यांचा सूर असतो. मग जैतापूरसारख्या प्रकल्पांची गरज काय, हा प्रश्न आपसूक पुढे येतो.

या दाव्यांचे वजन करायचे तर आधी एक वेगळाच प्रश्न विचारावा लागतो. काही कोटी अंश तापमानाच्या, टाचणीच्या टोकाएवढ्या आणि सेकंदाच्या अब्जांश भागात नाहीशा होणाऱ्या वायूच्या आत काय चालले आहे, हे शास्त्रज्ञांना कळते कसे? त्याचे एक उत्तर म्हणजे प्रोटॉनच्या झोताने काढलेले छायाचित्र. दुसरे उत्तर मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अर्थात टीआयएफआरमध्ये, गेली दोन दशके आकाराला येत आहे.

मोजायचे आहे ते नेमके काय?

वायू खूप तापवला की त्याच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात. ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि धनभारित आयन यांचे हे मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. रक्तातल्या प्लाझ्माशी याचा संबंध नाही, नाव तेवढे एक. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात कडाडणारी वीज, वेल्डिंगची ठिणगी, ट्यूबलाइटच्या नळीतील चमक, सूर्य आणि तारे ही सगळी प्लाझ्माचीच रूपे.

प्लाझ्मातील कण विद्युतभारित असल्यामुळे ते हलले की विद्युतप्रवाह तयार होतो. प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आले. ते क्षेत्र पुन्हा त्याच कणांना वळवते, कण वळले की प्रवाह बदलतो आणि प्रवाह बदलला की क्षेत्र बदलते. एकमेकांच्या शेपटीमागे धावण्याचा हा प्रकार असल्यामुळे प्लाझ्मा कसा वागेल हे कागदावर ठरवणे अवघड जाते. संगणकावरील प्रतिमानेही काही गोष्टी गृहीत धरूनच चालतात. ती गृहीतके बरोबर आहेत का, हे प्रत्यक्ष क्षेत्र मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायचे तर होकायंत्र आत ठेवता येत नाही. कोणतीही तार किंवा संवेदक आत घातला तर त्याचाच क्षणात प्लाझ्मा होईल. क्ष-किरणांनी चित्र काढता येते, पण त्यात दिसते ती घनता, म्हणजे द्रव्य कुठे दाट आणि कुठे विरळ आहे एवढेच. क्ष-किरणांना विद्युतभार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्राचा त्यांच्या वाटेवर परिणाम होत नाही. एकाच वस्तूचे अर्धे वर्णन हाती येते आणि उरलेले अर्धे, जे बहुतेकदा जास्त महत्त्वाचे असते, ते अंधारात राहते.

मग प्रोटॉनच का?

प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक. तो धनभारित असतो, म्हणून विद्युत क्षेत्र त्याला ढकलते आणि चुंबकीय क्षेत्र त्याला वळवते. इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड असल्यामुळे तो वाटेतल्या द्रव्याला धडकून सहजी भरकटत नाही. पातळ प्लाझ्मातून तो जवळजवळ सरळ पार होतो आणि वाटेत भेटलेल्या क्षेत्रांचा हिशेब आपल्या वळणात घेऊन बाहेर पडतो.

या प्रयोगांत १४.७ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन नेहमी वापरले जातात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५२ हजार किलोमीटर असतो. रत्नागिरीहून मुंबईला पोहोचायला अशा प्रोटॉनला सेकंदाचा दीडशेवा हिस्साही लागणार नाही. एक मिलिमीटरचा प्लाझ्मा तो साधारण २० पिकोसेकंदांत ओलांडतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी एक भाग. तेवढ्या वेळात प्लाझ्मा फारसा बदलत नाही, त्यामुळे चित्र हलल्यासारखे येत नाही.

वळण किती पडते, याचाही अंदाज घेता येतो. दहा लाख गॉसचे चुंबकीय क्षेत्र ०.१ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यात असेल, तर हा प्रोटॉन साधारण एक अंशाने वळतो. एक अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण फिल्म ३० सेंटिमीटरवर असेल तर तो आपल्या मूळ जागेपासून पाच मिलिमीटर सरकलेला दिसतो आणि पाच मिलिमीटर साध्या पट्टीनेही मोजता येतात.

मांडणी कंदिलाच्या उजेडात भिंतीवर हाताची सावली पाडण्यासारखी आहे. हात कंदिलाच्या जवळ आणि भिंत लांब असली की सावली मोठी पडते. इथे प्रोटॉनचा उगम प्लाझ्मापासून एखाद्या सेंटिमीटरवर असतो आणि फिल्म त्याच्या कितीतरी पट लांब. त्यामुळे केसाच्या जाडीएवढी रचनाही फिल्मवर डोळ्यांना दिसेल एवढी होते.

एवढा बारीक झोत येतो कुठून?

दोन मार्ग आहेत आणि दोन्ही लेसरवर चालतात.

पहिल्यात अतिशय तीव्र आणि क्षणिक लेसर स्पंद धातूच्या पातळ पत्र्यावर मारला जातो. पत्र्यातील इलेक्ट्रॉन वेगाने मागच्या बाजूने बाहेर फेकले जातात. ते बाहेर पडले की मागे राहिलेला धनभार आणि पुढे गेलेला ऋणभार यांच्यात प्रचंड विद्युत क्षेत्र तयार होते. ते क्षेत्र पत्र्याच्या मागच्या पृष्ठभागावरून प्रोटॉन खेचून काढते. गंमत अशी की हे प्रोटॉन मुख्यतः धातूचे नसतातच. पत्र्यावर नकळत बसलेला ओलाव्याचा आणि तेलकटपणाचा जो थर असतो, त्यातल्या हायड्रोजनचे ते असतात. जगातल्या सर्वांत महागड्या उपकरणांतला हा झोत असा पत्र्यावरच्या मळातून निघतो. २०००च्या सुमारास अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या पेटावॉट लेसरवर असे प्रोटॉन मोठ्या संख्येने मिळाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ब्रिटनमध्ये मार्को बोर्गेसी व सहकाऱ्यांनी त्यांचा वापर प्लाझ्मातील विद्युत क्षेत्रे पाहण्यासाठी केला.

या झोतात कमी-जास्त ऊर्जेचे प्रोटॉन मिसळलेले असतात. तो दोष वाटतो, पण त्याचाच उपयोग होतो. वेगवान प्रोटॉन प्लाझ्मापर्यंत आधी पोहोचतात, सावकाश जाणारे मागाहून. एका सेंटिमीटरच्या अंतरातच त्यांच्यात शंभरेक पिकोसेकंदांचा फरक पडतो. म्हणजे एकाच फटक्यात निरनिराळ्या क्षणांची चित्रे मिळतात, जणू छोटी चित्रफीतच.

दुसऱ्या मार्गात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान काचेच्या पोकळ गोळीत ड्युटेरियम आणि हेलियम-३ हे वायू भरतात. त्या गोळीवर चहूबाजूंनी लेसर मारला की ती आत दबते, वायूंचे संमीलन होते आणि १४.७ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन सर्व दिशांना बाहेर पडतात. या सगळ्यांची ऊर्जा जवळपास सारखी असल्यामुळे गणित सोपे जाते. न्यू यॉर्क राज्यातील रोचेस्टर विद्यापीठाच्या ओमेगा या ६० किरणांच्या लेसर यंत्रणेवर एमआयटीच्या सी. के. ली व सहकाऱ्यांनी २००६च्या सुमारास ही पद्धत रुळवली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे इथे फ्युजनची क्रिया वीज बनवण्यासाठी नाही, तर दिवा म्हणून वापरली जाते. एक फ्युजन दुसऱ्या प्लाझ्मावर उजेड टाकते.

चित्र उमटते कशावर?

इथे महाराष्ट्राच्या वाचकाला ओळखीच्या दोन वस्तू भेटतात. पहिली आहे कर्करोगाच्या रुग्णालयातील फिल्म. किरणोत्सर्ग पडला की आपोआप रंग बदलणारी ही फिल्म रेडिओथेरपीत मात्रा योग्य जागी पडते का, हे तपासण्यासाठी वापरतात. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत २०२३मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले. तिथे प्रोटॉनचा जो गुण रुग्णाच्या कामी येतो, तोच इथेही येतो. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा वाटेत न सांडता प्रवासाच्या शेवटी, एका ठरावीक खोलीवर टाकतो. ट्यूमरच्या मागची निरोगी पेशी त्यामुळे वाचते. प्लाझ्माच्या प्रयोगात अशा अनेक फिल्म एकावर एक रचतात. कमी ऊर्जेचे प्रोटॉन वरच्या फिल्ममध्ये थांबतात, जास्त ऊर्जेचे खोलवरच्या. प्रत्येक फिल्म म्हणजे एका वेगळ्या क्षणाचे चित्र.

दुसरी वस्तू आहे चष्म्याची काच. म्हणजे काच नव्हे, सीआर-३९ नावाचे ते कडक प्लास्टिक, ज्याच्या भिंगांचे चष्मे वर्षानुवर्षे वापरले जातात. त्यातून प्रोटॉन गेला की प्लास्टिकच्या आत एक सूक्ष्म इजा राहते. गरम कॉस्टिक सोड्यात ते काही तास ठेवले की इजेच्या जागी खळगा पडतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली खळगे मोजायचे. एकेका तुकड्यावर ते लाखोंच्या संख्येने असतात आणि अर्थातच आता मोजणी यंत्र करते. भाभा अणुसंशोधन केंद्रही कर्मचाऱ्यांना बसलेला न्यूट्रॉनचा मारा मोजण्यासाठी हेच प्लास्टिक वापरते.

चित्र वाचायचे कसे?

ही या पद्धतीची सर्वांत नाजूक जागा आहे आणि बातम्यांत तिचा उल्लेख जवळजवळ नसतो.

ओहोटीला खडकांतल्या डबक्यात निवळ पाणी साचते. दुपारच्या उन्हात त्याच्या तळाशी प्रकाशाची नाचती जाळी दिसते. पाणी स्वतः दिसत नाही, पण पृष्ठभागावरच्या लहरी भिंगाचे काम करतात. कुठे किरण एकवटून तेजस्वी रेघ उमटते, कुठे विखरून काळपट पट्टा. प्रोटॉनचे चित्र अगदी असेच असते. पाण्याच्या जागी प्लाझ्मा, लहरींच्या जागी चुंबकीय क्षेत्र आणि तळाच्या वाळूच्या जागी फिल्म. तेजस्वी रेघ दिसली म्हणून तिथे क्षेत्र जोरदार आहे असे म्हणता येत नाही, जसे तळाशी रेघ दिसली म्हणून तिच्या बरोबर वर मोठी लाट आहे असे नसते.

तळाची जाळी पाहून वरच्या लहरींचा आकार ओळखायचा, हे खरे कोडे. लहरी हलक्या असतील तर ते सुटते. त्या जोरदार झाल्या की किरण एकमेकांना ओलांडून जातात आणि मग दोन वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून सारखीच जाळी मिळू शकते. २०१२मध्ये नॅथन कुगलंड व सहकाऱ्यांनी क्षेत्र आणि प्रतिमा यांच्यातील हे नाते गणिताने तपशीलवार मांडले. त्यानंतर या चित्रांचे अर्थ लावण्यात बराच सावधपणा आला.

यावर एक जुनी युक्ती आहे. झोताच्या वाटेत धातूची बारीक जाळी धरायची. मच्छीमाराच्या जाळ्यासारखी तिची चौकट फिल्मवर उमटते आणि कोणता चौकोन किती सरकला, हे थेट मोजता येते. मात्र त्यात चित्राचा बारकावा जातो.

विद्युत क्षेत्र कुठले आणि चुंबकीय कुठले, हे वेगळे करणे हा आणखी एक पेच. प्रोटॉन उलट बाजूने पाठवले तर विद्युत क्षेत्र त्यांना पूर्वीच्याच दिशेला ढकलते, चुंबकीय क्षेत्र मात्र विरुद्ध दिशेला वळवते. दोन्ही बाजूंनी चित्रे काढून तुलना केली की फरक कळतो. वेगवेगळ्या ऊर्जेचे प्रोटॉन वापरूनही तो काढता येतो, कारण प्रोटॉनची ऊर्जा वाढली की विद्युत क्षेत्रामुळे पडणारे वळण चुंबकीय वळणापेक्षा झपाट्याने कमी होते.

आजवर काय दिसले?

लेसरचा ठिपका धातूवर पडतो तिथे, बाहेरून कोणताही चुंबक न लावता, कंकणाच्या आकाराचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी १९५०मध्ये याची कल्पना मांडली होती. प्लाझ्मात तापमान एका दिशेने आणि घनता दुसऱ्या दिशेने बदलत असेल तर इलेक्ट्रॉन गोलाकार फिरू लागतात आणि क्षेत्र शून्यातून जन्माला येते. ते कंकण वाढताना आणि विरताना प्रोटॉनच्या चित्रांत स्पष्ट दिसले. २००८मध्ये ओमेगावर दबत जाणाऱ्या इंधनगोळीभोवती धाग्यांसारख्या क्षेत्ररचना आढळल्या, ज्यांची अनेकांना अपेक्षा नव्हती.

२०१५मध्ये समोरासमोर धडकणाऱ्या दोन प्लाझ्मा प्रवाहांत चुंबकीय दोऱ्या कशा वळल्या जातात, याची चित्रे प्रसिद्ध झाली. फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत असेच काही घडत असावे, असा तर्क आहे. २०१८मध्ये खळबळत्या प्लाझ्मात अगदी क्षीण क्षेत्र वाढून मोठे होते, हे प्रयोगशाळेत दाखवले गेले. विश्वातील दीर्घिकांना चुंबकत्व कुठून मिळाले, या जुन्या प्रश्नाशी ते जोडलेले आहे.

प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉनचे झोतही वापरता येतात. मूळचे वाईचे आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेले प्लाझ्मा शास्त्रज्ञ चंद्रशेखर जोशी यांच्या गटाने त्या दिशेने महत्त्वाचे काम केले. प्लाझ्मात उठणाऱ्या लाटा इतक्या वेगाने धावतात की त्यांना पकडायला प्रोटॉन संथ पडतो. तिथे प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ असलेले इलेक्ट्रॉन लागतात.

कुलाब्यात काय चालते?

टीआयएफआरमधील जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेने वेगळी वाट धरली. कण न वापरता त्यांनी प्रकाशच वापरला.

एक जोरदार लेसर स्पंद घन लक्ष्यावर मारला की पृष्ठभागावर प्लाझ्मा आणि त्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. पाठोपाठ दुसरा, अगदी सौम्य स्पंद तिथे पोचवला जातो. पोलरॉइड चष्म्यातून पाहताना प्रकाशाच्या कंपनाची जी दिशा महत्त्वाची ठरते, ती दिशा चुंबकीय क्षेत्रातून जाताना बदलते. परतलेल्या प्रकाशात ती किती बदलली, हे मोजले की क्षेत्र कळते. दुसऱ्या स्पंदाला किती उशीर करायचा, हे आरसा सरकवून ठरते. प्रकाश एका पिकोसेकंदात जेमतेम ०.३ मिलिमीटर जातो. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे घेतला की जाण्या-येण्याचे मिळून एका पिकोसेकंदाचा उशीर होतो. इतक्या अल्प काळाचे घड्याळ म्हणजे शेवटी एक हळूच सरकणारा स्क्रू.

२००२मध्ये या गटाने गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील अमिता दास, सुदीप सेनगुप्ता आणि प्रेधीमान काव यांच्या सहकार्याने जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात २ कोटी ७० लाख गॉसचे क्षेत्र आणि सहा पिकोसेकंदांचे त्याचे आयुष्य नोंदले गेले. रुग्णालयातील नेहमीच्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रापेक्षा हे १,८०० पट झाले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तुलना केली तर कोट्यवधी पट. २०१२मध्ये याच प्रयोगशाळेने क्षेत्राचा जागेनुसार नकाशा काढला आणि ते एकसंध नसून खळबळते, गुंतागुंतीचे असते हे दाखवले. लक्ष्यातून धावणारे वेगवान इलेक्ट्रॉन कुठे जातात, हे त्यावर ठरते. रवींद्र कुमार यांना २००३चे भटनागर पारितोषिक आणि २०१५चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

प्रकाशाच्या पद्धतीची मर्यादा सरळ आहे. प्लाझ्मा एका मर्यादेपलीकडे दाट झाला की प्रकाश आत शिरतच नाही, आरशावरून यावा तसा परततो. दाट गाभ्यात काय आहे ते बाहेरच राहते. प्रोटॉन तिथून आरपार जातो, पण त्याला वेळेचा एवढा बारकावा साधत नाही. शिवाय वाटेतल्या साऱ्या क्षेत्रांची तो गोळाबेरीज सांगतो, कुठले क्षेत्र किती खोलीवर होते हे सांगत नाही. म्हणून या दोन पद्धतींत कोणती श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. ओमेगासारखी यंत्रणा भारतात नाही, हे खरे. पण टेबलावर मावणाऱ्या लेसरने कुलाब्यात जे मोजले गेले, ते तिथेही सहज मोजता येत नाही.

जैतापूरशी याचा संबंध काय?

जैतापूरला होऊ घातलेल्या अणुभट्ट्या विखंडनाच्या आहेत. तिथे युरेनियमचे जड अणू फुटून ऊर्जा मिळते. फ्युजनमध्ये हायड्रोजनचे हलके अणू जोडले जातात. दोन्हींचे इंधन वेगळे, कचरा वेगळा, धोके वेगळे.

अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेसर किरणांनी इंधनाच्या लक्ष्याला २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. दिली त्यापेक्षा जास्त मिळाली, ही ऐतिहासिक गोष्ट होती. पण वीजबिलाच्या भाषेत ३.१५ मेगाज्यूल म्हणजे एक युनिटही भरत नाही. आणि ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८०हून अधिक युनिट वीज लागली. पहिल्या वाक्यावर मथळे झाले, दुसरे वाक्य बातमीच्या तळाशी राहिले.

इंधनगोळीतील उष्णता बाहेर निसटते कशी, हे ठरवण्यात आपोआप तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रांचा मोठा वाटा असतो. क्षेत्र इलेक्ट्रॉनना रोखते आणि उष्णतेची वाट बदलते. संगणकाचे भाकीत आणि प्रोटॉनच्या चित्रातील वास्तव अजून अनेक ठिकाणी जुळत नाहीत. ज्या यंत्राच्या आत काय घडते हेच पूर्ण कळलेले नाही, त्यापासून वीज मिळण्याची तारीख जाहीर करणाऱ्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहायला हवे. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या आणि भारत ज्यात २००५पासून भागीदार आहे त्या ईटर प्रकल्पाचे उदाहरण पुरेसे आहे. तिथली पद्धत वेगळी, चुंबकांनी प्लाझ्मा कोंडण्याची. २०२४च्या सुधारित वेळापत्रकानुसार खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९मध्ये सुरू व्हायचे आहेत. तेही वीजनिर्मिती केंद्र नाही, प्रयोगच आहे.

विखंडनाच्या परिचित तंत्रज्ञानालाही किती काळ लागतो, हे जैतापूरसाठी सुचवलेल्या ईपीआर भट्टीनेच दाखवले आहे. फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला अशा भट्टीचे काम २००७मध्ये सुरू झाले आणि ती विजेच्या जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये. जैतापूरसाठी पहिला करार २०१०चा. ईडीएफ या फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२१मध्ये सहा भट्ट्यांसाठी तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव दिला. फेब्रुवारी २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज आणि छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. ते उद्दिष्टही विखंडनाच्या भरवशावर आहे.

त्यामुळे ‘फ्युजन येतेच आहे, जैतापूर कशाला’ हा युक्तिवाद टिकत नाही. पण त्याच्या उलट, फ्युजन लांब आहे म्हणून जैतापूर योग्यच, असेही सिद्ध होत नाही. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा मासेमारीवर परिणाम, युनिटचा दर, अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी, भूकंपप्रवणता हे प्रश्न जिथे होते तिथेच आहेत आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच मुद्द्यांवर द्यावी लागतील. दुसऱ्या तंत्रज्ञानाच्या बातमीआड ते झाकले जाऊ नयेत.

भारतात पुढे काय होऊ शकते?

प्रोटॉन झोत निर्माण करण्याइतके लेसर देशात आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात १५० टेरावॉटचा आणि एक पेटावॉटचा लेसर आहे आणि लेसरने प्रोटॉनना वेग देण्याचे प्रयोगही तिथे झाले आहेत. झोत मिळणे हा अर्धा भाग. त्याच क्षणी शेजारी दुसऱ्या लेसरने प्लाझ्मा तयार करायचा आणि दोन्हींची वेळ काही पिकोसेकंदांत जुळवायची, हा उरलेला अर्धा.

मोठ्या यंत्रणांची एक अडचण भारतासाठी संधी ठरू शकते. ओमेगासारख्या यंत्रणेवर दोन फटक्यांमध्ये बराच वेळ जातो. प्रत्येक फटक्यानंतर फिल्म काढायची, सीआर-३९ सोड्यात टाकायचे, मग मोजणी. त्यामुळे एका प्रयोगाला मोजकीच चित्रे मिळतात आणि खळबळत्या प्लाझ्माबद्दल मोजक्या चित्रांवरून बोलावे लागते. कमी ऊर्जेचे, पण सेकंदाला अनेकदा स्पंद देणारे टेबलावरचे लेसर हे चित्र बदलू शकतात. फिल्मऐवजी प्रोटॉन पडताच चमकणारा स्फुरक पडदा आणि त्यामागे कॅमेरा बसवला, तर दिवसभरात हजारो चित्रे मिळतील. जगातील अनेक प्रयोगशाळा सध्या याच बदलावर काम करत आहेत. त्या चित्रांवरून क्षेत्र शोधण्याचे उलटे गणित सोडवायला लेसर नव्हे, तर संगणक आणि गणिताची जाण असलेले विद्यार्थी लागतात आणि ते काम कोणत्याही विद्यापीठात होऊ शकते.